संगतीचा गुन्हा : ठगीपासून मोक्कापर्यंत

१ डिसेंबर २००३ रोजी मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंग शर्मा यांना अटक झाली. त्यांच्या पदामागे 'माजी' हे विशेषण लागून अवघा एक दिवस झाला होता. आदल्याच दिवशी ते सेवानिवृत्त झाले होते. प्रकरण अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे होते आणि आरोप शर्मा पुण्याचे पोलीस आयुक्त असतानाच्या काळातला होता. बनावट मुद्रांक त्यांनी छापले किंवा विकले, असे कोणाचेच म्हणणे नव्हते. त्यांच्या अधिकाराखाली झालेला तपास ज्या रीतीने झाला त्यामुळे तेलगीच्या टोळीला साहाय्य झाले, असा तो आरोप होता. त्यांना ज्या कायद्याखाली पकडण्यात आले तो महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मराठी वर्तमानपत्रांतला 'मोक्का', मुंबईच्या पोलिसांनी टोळ्यांविरुद्ध वापरलेले सर्वांत धारदार शस्त्र होते.

या योगायोगातला उपरोध त्या वेळी पुष्कळ चघळला गेला. त्या खटल्याने उभा केलेला प्रश्न मात्र फारसा चर्चिला गेला नाही. एखाद्याच्या वागण्याने गुन्हेगारांच्या टोळीला मदत झाली असेल, तर ती त्याने जाणूनबुजून केली की हलगर्जीपणाने, हे कोणी, कशावरून आणि केव्हा ठरवायचे? यातले 'केव्हा' सर्वांत महत्त्वाचे आहे. हे ठरेपर्यंत तो माणूस कोठडीत राहणार की बाहेर, हे त्याच्यावर अवलंबून असते. या प्रश्नाला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे.

मन दोषी असल्याशिवाय केवळ कृतीने माणूस दोषी ठरत नाही, हे इंग्रजी फौजदारी कायद्याचे जुने सूत्र आहे. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेने हे सूत्र एका वाक्यात न सांगता कलमाकलमांत विरघळवून टाकले. 'उद्देश', 'जाणीव', 'समजण्यास कारण असणे', 'इच्छापूर्वक', 'अप्रामाणिकपणे' ही त्या संहितेची शब्दकळा आहे. खून आणि सदोष मनुष्यवध यांत मृत्यू एकच असतो. भेद असतो तो मारणाऱ्याच्या मनात काय होते आणि आपल्या कृतीच्या परिणामाची त्याला कितपत कल्पना होती, याचा. साहित्याच्या अभ्यासकाला हे वाचताना नवल वाटावे, इतक्या बारकाईने ही संहिता मनोव्यापारांचे वर्गीकरण करते. कादंबरीकाराला पात्राच्या मनात थेट शिरता येते. न्यायाधीशाला ती सोय नसल्याने त्याला कृती, शब्द, वेळ आणि लाभ यांच्यावरून मनाकडे जावे लागते. म्हणूनच पुरावा, उलटतपासणी आणि युक्तिवाद यांचा सारा प्रपंच.

परंतु याच संहितेत ३१० आणि ३११ अशी दोन वेगळ्या जातकुळीची कलमे होती. खुनासह दरोडा घालण्याच्या किंवा मुले पळवण्याच्या उद्देशाने जो इतरांशी नेहमी संगनमत करून असतो तो 'ठग', आणि ठगाला जन्मठेप. त्याने अमुक दिवशी अमुक प्रवाशाचा जीव घेतला, हे सिद्ध करण्याची गरज नाही. उद्देश हवा, पण तो टोळीचा. व्यक्तीच्या बाबतीत सिद्ध करायची ती संगत. दरोडेखोरांच्या टोळीचा घटक असण्याला शिक्षा सांगणारे ४०० वे कलमही याच घराण्यातले. एकाच संहितेत एकीकडे मनाचा एवढा सूक्ष्म विचार आणि दुसरीकडे मनाला वळसा घालून जाणारी ही वाट, अशी दोन सूत्रे शेजारी शेजारी नांदत होती. दुसऱ्या सूत्राचा उगम १८३६ सालच्या तिसाव्या कायद्यात आहे.

ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम विल्यम स्लीमन यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यापुढची अडचण खरी होती. प्रवासी घरापासून शेकडो कोसांवर मारला जाई, प्रेत पुरले जाई, साक्षीदार उरत नसे, आणि मारणारे दुसऱ्या संस्थानाच्या हद्दीत निघून गेलेले असत. कंपनी सरकारच्या न्यायालयांत तेव्हा चालणाऱ्या पद्धतीनुसार विशिष्ट खुनाचा विशिष्ट आरोपीशी संबंध जोडणे दुरापास्त होते. यावर दोन उपाय निघाले. पहिला माफीच्या साक्षीदारांचा : पकडलेल्या ठगाने जीवदानाच्या बदल्यात साथीदारांची नावे, नाती आणि वाटा सांगायच्या. दुसरा उपाय कायद्याचा. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंधित असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. तो संबंध कायदा होण्यापूर्वीचा असो की नंतरचा, कंपनीच्या मुलखातला असो की बाहेरचा, फरक पडत नव्हता. आणि ज्या 'ठग' शब्दावर सारी शिक्षा उभी होती, त्याची व्याख्या कायद्यात नव्हती. माफीचे साक्षीदार ज्याला ठग म्हणतील तो ठग, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला.

इतिहासकार राधिका सिंघा यांनी वसाहतकालीन कायद्यावरच्या आपल्या अभ्यासात या बदलाची चिकित्सा केली आहे. ठगी किती खरी आणि किती रचलेली, हा वाद संपलेला नाही आणि तो येथे सोडवण्याचे कारणही नाही. वाटमारी होत होती आणि माणसे मरत होती, एवढे निश्चित. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सिद्ध करण्याची वस्तूच बदलली हे. 'याने काय केले आणि कोणत्या हेतूने केले' याऐवजी 'हा कोणाचा' हा प्रश्न न्यायालयापुढे आला. १८३९ मध्ये, निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक अमीर अली हा माफीचा साक्षीदारच आहे आणि तो आपले मन साहेबापुढे मोकळे करतो. न्यायालयात जे मन सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती, ते तीनच वर्षांत वाचकांना कादंबरीत सविस्तर मिळाले. कबुलीजबाब या प्रकाराचे वजन तेव्हापासून आपल्या न्यायव्यवहारात आणि कल्पनाविश्वात टिकून आहे.

संगतीवरून गुन्हा ठरवण्याचे सूत्र पुढे कोठवर गेले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १८४३ मध्ये ते दरोडेखोरांच्या टोळ्यांना लागू झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : टोळीच्या जागी जमात आली आणि संगतीच्या जागी जन्म. जन्मामागे हेतू कसला शोधणार? १९११ च्या सुधारित कायद्यानंतर ही व्यवस्था देशभर पसरली. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट तिचेच रूप. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तरी तो पोलीस ठाण्याच्या सवयींतून गेला नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने दिली. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनाकडे आपण बहुधा सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहतो. ते कायद्याच्या इतिहासाचेही साधन आहे. चोरी कोठेही झाली तरी पोलीस ज्याच्या दारात येतात, त्याच्या हेतूची चौकशी कोणीही करत नाही, हे त्यातून कळते.

वसाहतीच्या सरकारने आपल्याच पोलिसांवर एका बाबतीत मात्र विश्वास ठेवला नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याचे २५ वे कलम पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरू देत नव्हते. तो कसा मिळवला जातो हे त्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. स्वतंत्र भारताने १९८५ आणि १९८७ च्या 'टाडा' कायद्यांनी दहशतवादाच्या संदर्भात नवी वाट धरली. १९८७ च्या कायद्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य झाला. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो कोणताही गुन्हा करण्याचा संभव नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन देता येणार नाही, अशी दुहेरी अटही त्यात होती.

१९९४ मध्ये टाडाच्या वैधतेवर घटनापीठाचा निकाल आला. करतार सिंग खटल्यातल्या या निकालाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण एका ठिकाणी त्यात 'मन' परत आणले. दहशतवाद्यांना मदत करणाऱ्याशी संपर्क किंवा संगत ठेवणे म्हणजे अपप्रेरणा, अशी टाडाची व्याख्या होती. तिच्यात 'प्रत्यक्ष जाणीव असताना किंवा तसे समजण्यास कारण असताना' हे शब्द वाचलेच पाहिजेत, नाहीतर ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूसही अडकेल, असे न्यायालय म्हणाले. त्याच वर्षी संजय दत्त प्रकरणात, शस्त्र 'बाळगणे' म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, असाही अर्थ घटनापीठाने लावला. १९९५ मध्ये टाडाची मुदत संपली.

मोक्का आला तो या पार्श्वभूमीवर. २४ फेब्रुवारी १९९९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. हा कायदा उगाच आला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. खंडणीचे फोन आणि भरदिवसा होणारे गोळीबार हा नव्वदच्या दशकातल्या मुंबईचा रोजचा अनुभव होता. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांचा भररस्त्यात खून झाला. हुकूम देणारा परदेशात, निरोप देणारा तिसराच, गोळी झाडणारा थोड्या पैशांत मिळालेला एखादा पोरगा. पकडला जाई तो हा शेवटचा. साक्षीदार न्यायालयात येईपर्यंत फितूर होत. एकेका गुन्ह्यातला एकेकाचा हेतू स्वतंत्रपणे सिद्ध करण्याची जुनी रीत येथे खरोखरच अपुरी पडत होती. ठगांच्या काळातली अडचण नव्या वेशात परतली होती आणि तिला मिळालेले उत्तरही ओळखीचेच होते.

मोक्काची रचना अशी आहे. तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचा दखलपात्र गुन्हा. टोळीचा घटक म्हणून किंवा टोळीच्या वतीने केलेला. आणि मागील दहा वर्षांत अशा गुन्ह्यांबद्दल एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली. याला 'सतत चालणारे बेकायदा कृत्य' म्हणायचे. ते हिंसा, धाकदपटशा किंवा अन्य बेकायदा मार्गाने, आर्थिक वा अन्य लाभासाठी केले की 'संघटित गुन्हा' होतो. टोळीला दोन माणसे पुरतात. यात हेतू नाही असे नाही. 'लाभासाठी' हा शब्द हेतूचाच आहे. पण पूर्वीची दोषारोपपत्रे म्हणजे सिद्ध झालेले गुन्हे नव्हेत, ते पोलिसांचे म्हणणे. एका आरोपाला पूर्वीच्या आरोपांचा टेकू मिळतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की नुसती जुनी दोषारोपपत्रे पुरेशी नाहीत, नवे कृत्यही दाखवावे लागेल.

त्याहून मोठा परिणाम केला तो जामिनाच्या तरतुदींनी. दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदत एरवी ६० किंवा ९० दिवस. येथे ती १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. अटकपूर्व जामीन नाही. आणि २१ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात टाडाचीच दुहेरी अट. तिचा अर्थ शांतपणे लावून पाहावा. खटला सुरू झालेला नाही, साक्षीदार तपासलेले नाहीत, उलटतपासणी झालेली नाही. न्यायालयापुढे जी कागदपत्रे आहेत ती एका बाजूने तयार केलेली आहेत. त्यांच्या आधारे आपला हेतू दुष्ट नव्हता असे आरोपीने न्यायालयाला पटवायचे. एकाच निवेदकाची बाजू वाचून दुसऱ्या पात्राचे मन ठरवण्यासारखे हे आहे. 'तसे मनात नव्हते' याला पुरावा तरी कोणता देणार? शिवाय पुढे आपण काही करणार नाही, याची खात्री आजच द्यायची.

अशा वेळी कोठडी हीच शिक्षा होऊन बसते. भरत शहा यांचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. हिंदी चित्रपटांना भांडवल पुरवणारे शहा यांना टोळीशी संबंधांच्या आरोपावरून २००१ च्या जानेवारीत मोक्काखाली अटक झाली. २००३ मध्ये निकाल लागला तेव्हा मोक्काखालचे आरोप टिकले नाहीत; पोलिसांपासून माहिती दडवल्याचा दंड संहितेखालचा गुन्हा तेवढा सिद्ध झाला आणि एक वर्षाची शिक्षा झाली. त्याहून अधिक काळ ते आधीच तुरुंगात काढून चुकले होते. शिक्षा सुनावली गेली त्याआधीच ती भोगून झाली होती. आणि हे पैसा आणि नामवंत वकील हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीत झाले.

शर्मा यांच्या जामीन अर्जावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ७ एप्रिल २००५ रोजी. न्या. एस. बी. सिन्हा यांनी लिहिलेले हे निकालपत्र जामिनापुरते असले तरी त्यात या साऱ्या इतिहासाचा गुंता हाताळलेला दिसतो. मोक्कातली अपप्रेरणेची व्याख्या तीन भागांची आहे. करतार सिंग निकालाचा धडा घेऊन पहिल्या भागात 'जाणीव' हा शब्द घातलेला होता. टोळीला आर्थिक किंवा अन्य साहाय्य करणे, या तिसऱ्या भागात तो नव्हता. तेथेही गुन्हेगारी मन आवश्यकच आहे, असे न्यायालयाने सांगितले. जाणूनबुजून टोळीला मदत करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. लोकसेवकाने कर्तव्यात कसूर केली, तर त्यासाठी २४ वे कलम वेगळे आहे आणि तेथे शिक्षा तीन वर्षांपर्यंतच. दोन्हींतली बाह्य कृती बऱ्याचदा सारखीच दिसेल. एवढ्या मोठ्या अंतराचे कारण केवळ मनात असते. ते मन पाहिलेच नाही, तर कायद्यातला हा भेद निरर्थक होतो.

दुहेरी अटीबद्दल न्यायालयाने विचारलेले प्रश्न साधे होते. जामीन देण्यापूर्वी आरोपी निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढावा लागणार असेल, तर तो निर्दोषत्वाचा निकालच झाला. मग खटला कशासाठी? आणि तो पुढे कोणताही गुन्हा करणार नाही हे कळण्याचे साधन कोणत्या न्यायालयापाशी आहे? म्हणून अटीचा अर्थ मर्यादित करण्यात आला. पुराव्याची बारीक छाननी नको, स्थूल संभाव्यता पाहावी. 'कोणताही गुन्हा' म्हणजे या कायद्याखालचा गुन्हा समजावा. भविष्याचा अंदाज आरोपीच्या पूर्ववृत्तावरून बांधावा. शर्मा यांना जामीन मिळाला. तोवर सुमारे सोळा महिने गेले होते. पुढे त्यांना आरोपांतून मुक्त करण्यात आले.

या निकालाने 'जाणीव' हा शब्द कायद्यात पुन्हा रुजवला, हे त्याचे श्रेय. पण प्रश्नाचा क्रम त्याला बदलता आला नाही. मनाची परीक्षा अजूनही खटल्याआधीच, अपुऱ्या कागदांवर होते आणि तीत अनुत्तीर्ण झालेला आत राहतो. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटानंतर मोक्काखाली पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांपैकी बहुतेकांना २०११ च्या नोव्हेंबरात जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्या साऱ्यांना आरोपांतून मुक्त केले. त्यांच्यातला एक जण तोवर हयात नव्हता. त्यांच्यावर रीतसर खटला कधी चाललाच नाही. पाच वर्षे मात्र गेली. तिकडे स्फोटात आप्त गमावलेल्यांनाही न्याय मिळाला नाही, हेही विसरता कामा नये. हेतूचा शोध चुकला की तोटा एकाच बाजूचा होत नाही.

११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या रेल्वे बॉम्बस्फोटांचा खटलाही मोक्काखालीच चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. एक जण नऊ वर्षांच्या कोठडीनंतर निर्दोष सुटला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडलेले नाही. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. त्याचे एक कारण साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात ठेवावे : वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतले काही भाग एकसारखे, उतरवून काढल्यासारखे होते. दोन माणसे एकाच गोष्टीबद्दल एकाच शब्दांत बोलत नाहीत, हे आपण पाठचिकित्सेच्या पहिल्याच धड्यात शिकतो. तो धडा न्यायालयात उपयोगी पडायला एकोणीस वर्षे लागली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ठगाची कलमे राहिली नाहीत. १८३६ पासून चालत आलेला तो शब्द कायद्यातून गेला. पण १११ व्या कलमाने संघटित गुन्हेगारी आता साऱ्या देशासाठी गुन्हा झाली आहे आणि तिच्या व्याख्येत मोक्काची दहा वर्षे आणि एकाहून अधिक दोषारोपपत्रे जशीच्या तशी आली आहेत. जामिनाची दुहेरी अट त्या कलमात नाही, ही समाधानाची बाब. मोक्कात मात्र ती आहेच. आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्यातली तशीच अट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली, २०१८ मध्ये संसदेने तिच्यात दुरुस्ती केली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांतल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांतले मोक्काचे थोडेच. पण कायदा जितका कडक, तितका जामीन दूर.

टोळी ही कल्पना खोटी नाही. टोळी असते, तिचा म्होरक्या हात न लावता मारतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला कायद्याला वेगळी शिडी लागते. ती शिडी संगतीची असण्यालाही सर्वस्वी हरकत घेता येत नाही, कारण कट हा मुळात संगतीतच शिजतो. पण संगत हा हेतूकडे नेणारा पुरावा आहे. ती हेतूची जागा घेऊ शकत नाही. १८३६ मध्ये तिने ती घेतली, कारण खटल्यात हेतू सिद्ध करणे जड जात होते. आज कायद्याच्या पुस्तकात हेतू आहे, निकालपत्रांतही आहे. तो सिद्ध करण्याची निकड तेवढी उरलेली नाही, कारण सिद्ध होवो न होवो, वर्षे वसूल झालेली असतात.